किमतीची रिकामी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी शंभरपानी वही आहे. मोजलंत तर शंभर भरणार नाहीत. माझ्या शिवणीत अजून कापसाचे तंतू अडकलेले आहेत आणि एका पानाला बोट जाईल एवढं भोक आहे. ते भोक कसं पडलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा कागद कुठल्या गिरणीत तयार झाला, मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती बाभुळगावच्या दुकानाची. साधनाताईंनी एकही पान फाटलेलं नाही ना, हे पाहण्यासाठी मला शेवटपर्यंत चाळलं आणि सहावीतल्या लेकीला, मैत्रेयीला, गणितासाठी घरी आणलं. ज्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंडांत गुलाबी अळी निघाली, त्या वर्षीची ही गोष्ट.

गणिताचं माझ्यात एकच पान झालं. बकरी ईदला मैत्रेयीची मैत्रीण माहनूर हिच्याकडे तिचा चुलतभाऊ साद पुण्याहून आला आणि त्यानं एक खेळ शिकवला. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं गोष्ट सांगायची आणि वार लागला की हुकला, ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. जाताना तो एक फासा ठेवून गेला.

"पुस्तक इंग्रजीत आहे, ते तुमाले कायले पाहिजे?" तो म्हणाला. "शक्ती घरच्या घरी बनवा. फक्त एक ध्यानात ठेवा. शक्ती लिहिली की खाली तिची किंमत लिहायची. फुकटची शक्ती खेळ खाऊन टाकते."

मग काय, माझं भाग्य उजळलं. मैत्रेयीनं 'कापूसराणी' बनवली. ती कापसात लपली की कोणालाच दिसत नसे. पहिल्या दिवशी ती लपली ती बाहेरच आली नाही आणि खेळ तिथंच संपला. मग मैत्रेयीनं खोडून लिहिलं: 'दिवसातून एकदा. किंमत: लपून असताना तिलाही कोणी दिसत नाही.' माहनूरचे वडील मन्सूरभाई फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, म्हणून तिची जादूगारीण अडकलेलं काहीही उघडायची. किंमत: पुढच्या डावात तिचं तोंड बंद.

"हे लय महाग आहे वं," माहनूर कुरकुरली. "तोंड सोडून दुसरं काही बंद कर ना."

एका दुपारी मैत्रेयीचा धम्माकाका येऊन ओट्यावर टेकला. धम्मरत्न त्याचं नाव. तेवीस वर्षांचा, हसरा. गावात मजुरीनं फवारणी करायचा. शर्ट औषधानं निळा झालेला.

"मले कोणती शक्ती देतं वं?"

"तुले काय येते?"

"मले औषधाचं काहीच होत नाही. बाकीचे घेरी येऊन पडतात, मी गाणं म्हणत फवारतो."

मैत्रेयीनं सुंदर अक्षरात लिहिलं: 'फवाऱ्या. याला विष लागत नाही. कितीदा: कायम. किंमत:'

"लिह ना पुढं," माहनूर म्हणाली. "साद भाई काय बोलला होता?"

"काकाची नंतर लिहीन."

लाडक्या माणसाला किंमत लावायला तिचं मन धजेना. ती ओळ रिकामी राहिली. मित्रांनो, मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट मी फुशारले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधनाताईंनी तोंडाला बांधायला फडकं पुढं केलं. काकानं ते खिळ्याला टांगलं. "वहिनी, वहीत लिहून आहे, मले विष लागत नाही." सगळे हसले. मैत्रेयी सगळ्यांत जास्त हसली.

चौथ्या दिवशी काका दुपारीच परतला. अंगणात लख्ख ऊन होतं. तो चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, भरदिवसा अंधार काहून करून ठेवला?"

खिळ्यावरचं फडकं तेवढं हलत होतं.

त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. आजोबा देवराव तिथून आले की हळू आवाजात सांगायचे, तो बरळतो, ओढाताण करतो, म्हणून हात खाटेला बांधले आहेत. मैत्रेयी दाराआडून ऐकायची. मग मला उघडून त्या रिकाम्या ओळीकडे बघत राहायची. तिला ती रिकामी दिसतच नव्हती. तिनं न लिहिलेली किंमत जणू कोणीतरी येऊन लिहून गेलं होतं, आणि ती तिला वाचता येत होती. तिनं फासा टाकला. वीस पडले तर काका बरा होईल, असं तिनं मनाशी धरलं. तीन पडले. मग तिनं खोडरबर घेतलं आणि 'कायम' हा शब्द घासत सुटली. घासता घासता माझा कागद फाटला.

पहिल्या वेच्याचा कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. तिनं मला आणि फाशाला त्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून खुपसलं.

मित्रांनो, कापूस मऊ असतो हे बाहेरून. आत श्वास नसतो. सगळे आवाज दुरून, मेल्यासारखे येतात. देवराव रोज म्हणायचे, "भाव नाही, आणखी चार दिवस थांबू." एक दिवस काकाचा आवाज आला. तो घरी परतला होता, पण त्याला फक्त सावल्या दिसत होत्या. तो गंजीला टेकून बसायचा. मी त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होते. फाटलेल्या पानावर त्याचं नाव घेऊन.

"पोट्टी माह्याशी बोलत काहून नाही?" तो विचारायचा.

"भेली असंन," साधनाताई म्हणायच्या.

अखेर जानेवारीत टेम्पो आला. सगळे कापूस भरू लागले. काकाही चाचपडत भरू लागला, आणि त्याच्या बोटांना मी लागले. जिनिंगच्या, सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, दातांत जायची ती मी त्याच्या हातात आले. माझी कडा, शिवण आणि मग ते भोक, सगळं त्यानं बोटांनी पाहिलं.

"मैत्रेयी, हे तुह्यं होय ना? माह्यं पान वाच."

ती आली. उभ्यानंच वाचू लागली. "फवाऱ्या. याला विष लागत नाही. किंमत..."

"पुढं?"

"पुढं काही नाही. म्या लिहिली नाही. म्हणून तुह्याकडून घेतली, काका. सगळी."

टेम्पोवाला हाका मारत होता. काका खाली बसला, तिलाही बसवलं.

"फडकं खिळ्याले कोणं टांगलं? तू?"

"तू."

"त्या दिवशी सकाळपासून माहे डोळे जळून राह्यले होते. शेतवाला म्हणे, दोनच ओळी राह्यल्या. म्या त्याले नाही म्हटलं नाही. वहीनं सांगतलं नव्हतं तसं." त्यानं चाचपडत मला तिच्या मांडीवर सरकवलं. "दुसरी शक्ती लिह. वारा तोंडावर आला की फवाऱ्या पंप खाली ठेवते."

मैत्रेयीनं डोळे पुसले. "कितीदा?"

"जेव्हा वारा फिरंन तेव्हा."

"किंमत?"

"लोकं हसतीन," तो म्हणाला.

तिनं ते तसंच लिहिलं.

काकाचे डोळे परत आले नाहीत. जुनी ओळ खोडूनही गेली नाही. मैत्रेयीनं पेन्सिल इतकी दाबली होती, की खालच्या पानावर 'विष लागत नाही' हे अजून उमटलेलं आहे. काका अधूनमधून मला मागून घेतो आणि त्यावरून बोट फिरवतो. तेव्हा माझी पानं वारा नसताना थरथरतात.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. वही फाटली तर दुसरी मिळते. पण तुमच्या घरात पंप जागेवर नसेल आणि फडकं खिळ्यालाच लटकत असेल, तर हसत उभे राहू नका. ते फडकं घ्या आणि बांधापर्यंत पळत जा.