कुरणातली लाल माती

गुआसिमालमध्ये कुणाचं लग्न ठरलं की मुलीच्या पोशाखाची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, घराला माती कुठली घेणार? नव्या जोडप्याचं घर गावानं एका दिवसात उभं करायचं, हा तिथला शिरस्ता. खांब रोवून त्यांच्यामधे बोरूच्या काड्यांचा कूड नवरदेवानं बांधून ठेवायचा. मग ठरल्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, अनवाणी चिखल तुडवायचा, दिवस मावळायच्या आत चारी भिंती लिंपायच्या आणि जेवून, नाचून घरी जायचं. या जमण्याला हुंता म्हणतात. हुंताचं बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नसते.

माती कुठली, याचं उत्तर वीस वर्षं एकच माणूस देत आला होता. निकानोर बारिओस. चिमूटभर माती घ्यायची, थुंकी लावून चोळायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं. त्याचा शब्द कुणी पुन्हा तपासून बघत नसे. गावानं त्याला हुंताचा मुकादमच करून टाकलं होतं, आणि कुडावर चिखलाचा पहिला गोळा मुकादमानं लावल्याशिवाय दुसरा कुणी लावत नसे.

या वेळी मुकादम साफ खोटं बोलला होता.

सगळ्यात चांगली माती त्याच्याच कुरणात होती, ओढ्याच्या वरच्या अंगाला. लाल आणि चिकट, बोटाला लागली तर धुतल्याशिवाय न निघणारी. चार वर्षांत तिच्यातून सात घरं उभी राहिली. गावाला भिंती मिळाल्या, निकानोरला खड्डे. माती न्यायला चाळीस माणसं यायची, खड्डा बुजवायला एकही नाही. मागच्या ऑक्टोबरात पावसानं भरलेल्या अशाच एका खड्ड्यात त्याची पहिल्यांदा गाभण राहिलेली कालवड बुडून मेली. तो खड्डा त्यानं एकट्यानं बुजवला आणि मनाशी ठरवलं, यापुढे एक घमेलंसुद्धा द्यायचं नाही. पण हे लोकांच्या तोंडावर सांगायची काही हिंमत झाली नाही. जानेवारीत आबदिएल, या वेळचा नवरदेव, विचारायला आला तेव्हा तो म्हणाला, "लाल माती संपली रे. खाली खडक लागलाय. नदीकाठची घे, चालून जाईल."

आबदिएल कुणी परका असता तर गोष्ट वेगळी. या पोराला बाप्तिस्म्याच्या दिवशी निकानोरनंच हातात धरलं होतं, आणि त्याचा बाप वारल्यावर बैल हाकायलाही त्यानंच शिकवलं. पोरगा त्याला पाद्रिनो म्हणायचा, म्हणजे देवासमोर मानलेला बाप. पाद्रिनोनं सांगितलं म्हटल्यावर त्यानं चार दिवस गाडी जुंपून नदीकाठची माती आणली. तिच्यात निम्मी वाळू. दोन पावसाळ्यांत भेगा आणि तिसऱ्यात भिंत जमिनीवर, हे निकानोरला स्वच्छ दिसत होतं.

हुंताच्या सकाळी त्याची बायको देलफिना कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं डोक्यावर घेऊन निघाली. तिला सगळं ठाऊक होतं.

"मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "पण आज त्या नवरीच्या तोंडाकडे तुम्हीच बघा. मला जमायचं नाही."

"वाळू थोडीच आहे गं."

"मग जा की, तुडवा सगळ्यांबरोबर."

तो गुडघ्याचं दुखणं पुढे करून काठी टेकत गेला आणि चिखलाच्या कडेला उभा राहिला.

आदल्या दिवशीच भिजत घातलेल्या मातीत चाळीस माणसं उतरली होती. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल फिरत होती, पोरी लुगड्यासारखा घागरा खोचून, म्हातारे विजारी वर दुमडून. तिबुर्सियो, गावातला सगळ्यात मोठ्या गळ्याचा माणूस, लांबलचक हाळी द्यायचा आणि पलीकडून त्याचा भाऊ तिला उत्तर द्यायचा. वरून पेंढा टाकला जात होता. चिचा, म्हणजे मक्याचं आंबवलेलं पेय, भोपळ्याच्या वाट्यांतून फिरत होती. सत्तरीची पास्तोरा मावशी सगळ्यांच्या पुढे. ती म्हणाली, "नवरदेवा, पाय आपट जरा. बायको बघतेय." सगळे खो खो हसले. नवरी इत्सेल गालापर्यंत चिखलानं माखली होती. ती निकानोरला चिचा द्यायला आली.

"पाद्रिनो, तुमच्यामुळे आमचं घर होतंय."

त्यानं वाटी घेतली. न पिताच पुढच्या माणसाकडे सरकवली.

वेळ चालला होता आणि काम पुढे सरकत नव्हतं. एरवी अकरापर्यंत भिंती कमरेपर्यंत यायच्या. आज कधी पास्तोरा मावशी म्हणायची, पाणी कमी आहे, कधी तिबुर्सियोला आणखी पेंढा हवा असायचा, मग चिचा संपली म्हणून सगळे थांबले, मग ढोलकीवाल्याला पुन्हा सुरुवातीपासून वाजवायचं होतं. निकानोरला प्रत्येक फेरी जड जात होती. लवकर लिंपून झालं असतं तर निदान ते हसणं तरी थांबलं असतं.

"अरे, भिंतीला कधी लावणार?" तो अखेर ओरडला. "का सगळा चिखल पायांनीच संपवणार?"

ढोलकी थांबली. चाळीस जण जागच्या जागी उभे राहिले.

"आम्ही तर मघापासून तयार आहोत," पास्तोरा मावशी म्हणाली. "पहिला गोळा तुझा असतो, निकानोर."

आबदिएलनं दोन्ही हातांनी चिखल उचलून त्याच्या ओंजळीत दिला. निकानोर कुडासमोर गेला. हातातला गोळा मिळून येत नव्हता. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं आणि मागे वाळू राहत होती.  इत्सेल त्याचे हात धुवायला तांब्याभर पाणी घेऊन शेजारी उभी होती आणि त्याच्याकडे बघून हसत होती. बोरूच्या काड्यांमधून पलीकडची रिकामी जागा दिसत होती. तिथं त्यांची खाट येणार होती, उद्या पाळणाही. लाजेनं त्याचे कान तापले.

"ही माती चालायची नाही," तो कुडाकडेच तोंड करून म्हणाला. "पडेल भिंत. माझ्या कुरणात लाल माती आहे. भरपूर आहे. खडकबिडक काही नाही. मी खोटं बोललो."

आता शिव्या येतील म्हणून तो थांबला. आल्या नाहीत.

"चला रे," पास्तोरा मावशी म्हणाली. "फावडी घ्या. आबदिएल, गाडी जुंप."

लोक चिखलातून बाहेर आले आणि पाय खरवडू लागले. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. निकानोरनं एकेकाकडे बघितलं आणि त्याला कळून चुकलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच फेरीत," तिबुर्सियो म्हणाला. "तळव्यांना वाळू टोचते की, बाबा. तू चिखलात उतरला नाहीस तेव्हा बाकीचंही कळलं, तुला हे ठाऊक आहे ते."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्ही बोललो असतो," पास्तोरा मावशी म्हणाली, "तर उद्यापासून आमच्या दारात तू आला असतास का? म्हणून म्हटलं, दुपारपर्यंत वाट बघू. नाचतोय तसं नाचत राहू."

"आणि दुपारपर्यंत मी बोललोच नसतो तर?"

म्हातारीनं चिखलाचा हात घागऱ्याला पुसला. "तर हीच माती लावली असती. आणि दर वर्षी पावसाळ्याआधी सगळ्यांनी येऊन लिंपून दिली असती. दुसरं काय करणार?"

तिनं हे अगदी सहज सांगितलं. चाळीस माणसांची दर वर्षीची एक सकाळ, ती मरेपर्यंत आणि त्यांच्या पोरांचीही, त्याच्या एका खोट्यापायी. आणि त्यांनी ती न कुरकुरता देऊन टाकली असती. त्याला तर एका खड्ड्याचा राग आला होता.

तो सगळ्यांच्या मागून कुरणाकडे निघाला. आबदिएल गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्याबरोबर चालू लागला. 

"पाद्रिनो, तुमची कालवड गेली ना, तेव्हा आम्ही खड्डा बुजवायला यायला हवं होतं," तो म्हणाला. "मला आठवलं होतं. मक्याच्या कापणीत राहून गेलं."

 पोरानं जाब विचारला असता तर उत्तर देता आलं असतं. माफी मागणाऱ्याला काय सांगायचं?

मार्चच्या उन्हात सगळं रान पिवळं पडलं होतं, पण ओढ्यावरचा त्याचा पट्टा अजून हिरवा होता. त्याच्या उरलेल्या तीन गाई मे महिन्यात पाऊस येईपर्यंत त्याच गवतावर जगायच्या. लोक आधीच पोचले होते. ते कुंपणाला अगदी खेटून, जिथं गवत विरळ होतं तिथं, ओळीनं उभे होते. तिबुर्सियो फावड्यानं गवताच्या चौकोनी ढेपा मुळांसकट कापत होता. इत्सेल आणि पोरी त्या एकेक उचलून झाडाच्या सावलीत मांडत होत्या आणि वर पाणी शिंपडत होत्या, म्हणजे माती काढून झाली की खड्डा भरून पुन्हा जागच्या जागी बसवता येतील. देलफिना त्यांच्यात होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली वाकली.

"एवढी जागा पुरेल, निकानोर," तिबुर्सियो म्हणाला. "तुझ्या गाईंना काही कमी पडायचं नाही."

निकानोरनं काठी कुंपणाला टेकवली आणि चपला काढल्या. कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं. मग त्या ओळीला ओलांडून तो गवत सगळ्यात दाट होतं तिथं, पट्ट्याच्या मधोमध, जाऊन उभा राहिला.

"कडेची माती तितकी चांगली नाही," तो म्हणाला. "चांगली इथं आहे."

आणि त्यानं फावडं मारलं.