बोटभर गाळ

"लक्षात ठेव गेनबा, खोल समुद्राच्या तळाशी बोटभर गाळ साचायला वीस हजार वर्षं लागतात. माणसाचं आजवरचं सगळं कर्तृत्व त्या बोटभरात मावतं!"

चोपन्न सालच्या मार्चात, दापोडीच्या एका भाड्याच्या बंगल्यात थाटलेल्या प्रयोगशाळेचे प्रमुख नानासाहेब हे बोलले आणि त्यांचा शिपाई गेनबा गार पडला. कारण तेवढं कर्तृत्व त्यानं तासाभरापूर्वीच चहाच्या पातेल्याच्या बुडाला थापलं होतं.

आता यात त्याचा तरी काय दोष? राकेल मिळेना, म्हणून चहा मागच्या दारी तीन विटांच्या चुलीवर व्हायचा. आणि गेनबाच्या गावी, चाकणकडं, चुलीवर भांडं चढवायचं तर आधी बुडाला माती लावतात. काजळी मग भांड्याला धरत नाही, मातीबरोबर निघून जाते. टेबलावरच्या थाळीत तर तांबूस, लोण्यासारखी मऊ माती पडलेली, खडा म्हणून नाही. गेनबाच्या शिवारात सात पिढ्यांत असली माती निघाली नव्हती. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. खारट लागली. साहेबाची माती, असायचीच.

ती हिंदी महासागराच्या तळातून, अडीच मैल खोलवरून, एका परदेशी जहाजानं नळीत भरून वर काढली होती, हे त्याला आत्ता कळत होतं. आणि त्याला कायम करायचा कागद नानासाहेबांपुढेच सहीला पडलेला. घरी गवराबाईनं तर "आमचं मालक कायम झालं" म्हणून अख्ख्या आळीला सांगूनही टाकलं होतं.

"साहेब," गेनबा चाचरत म्हणाला, "त्यातली धा-बारा हजार वर्षं कमी पडली, तर चालत्याल का?"

"काय?"

"ती माती म्या पातेल्याला लावली. चहा बी झालाय."

नानासाहेब कपाटाकडे धावले. दार उघडलं, तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मातीची हातभर कांडी जशीच्या तशी.

"कुठली माती लावलीस रे?"

"टेबलावरच्या थाळीतली."

नानासाहेबांनी कपाट पुन्हा बंद केलं. "अरे गाढवा, ती साल होती! नळीत शिरताना कडेची माती घासून वरखाली होते. ती आम्ही तासून टाकतो. शास्त्राला तिचा काडीचा उपयोग नाही."

"म्हंजी फेकायचीच व्हती?"

"फेकायचीच."

"मग मी ऱ्हातो न्हवं कामावर?"

"सही सकाळीच केलीय. आण तो चहा."

गेनबानं असा सुस्कारा सोडला, की टेबलावरचे कागद हलले. चहा गाळून त्यानं पातेल्याच्या बुडावरून ओलं फडकं एकदा फिरवलं. काजळी, माती, सगळं एका हातात साफ. बूड आरशासारखं लखलखीत.

नानासाहेब ते बूड बराच वेळ न्याहाळत राहिले. इतका वेळ त्यांनी सूक्ष्मदर्शकातही कधी पाहिलं नसेल. मग दाराकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला.

"गेनबा, थोडी उरली असेल ना? एक पुडी बांधून दे. आमच्याकडे टोप घासताना रोज माझा उद्धार होतो."