एकाच ताग्यातलं

शरदिनीबाईंनी कुत्र्याच्या छातीभोवती टेप फिरवली आणि आकडा वाचायला चष्मा खाली ओढला, तेवढ्यात टेपचं दुसरं टोक कुत्र्याच्या तोंडात गेलं.

“सोड मेल्या. शाळेपासूनची टेप आहे ती.”

कुत्र्याला मराठी येत नव्हती. त्याचा मालक टॉम काशीत कबीरचौऱ्याला तबला शिकायला अमेरिकेहून आलेला, त्याला हिंदीसुद्धा जेमतेमच येत होती. दोघेही मोठ्या आदराने बाईंकडे बघत राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरची भाडेकरू ओर्ला धावत खाली आली आणि तिने बिस्किटाच्या बदल्यात टेप सोडवली.

शरदिनीबाईंनी मुलींच्या शाळेत जन्मभर शिवणकाम शिकवलं होतं. परकर-पोलक्यांपासून गल्लीतल्या लक्ष्मीनारायणाच्या पितांबरापर्यंत काय काय त्यांच्या कात्रीखालून गेलं होतं, पण कुत्रा पहिल्यांदाच आला. कुत्र्याला खांदे नसतात, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. बाही लावायची कुठे यावर दोन दुपारी डोकं शिणवून झालं. मग त्यांनी बाळकृष्णाच्या झबल्याचा कागदी नमुना काढला, तो आडवा धरला, आणि सगळं जमून आलं. त्या आनंदात त्यांनी एकटीसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला.

हे खूळ ओर्लाचं. मुलगी आयर्लंडची, विद्यापीठात संस्कृत शिकायला आलेली; चैत्रापासून वरच्या खोलीत राहत होती. हिंदी बोलायची तीसुद्धा पोथीतली वाटावी अशी, पण ‘काकू’ मात्र मंगला गौरीच्या गल्लीत जन्मल्यासारखं म्हणायची. ऑक्टोबर संपताना एक दिवस तिच्याकडे हॅलोविन असतो, असं तिने येऊन सांगितलं. गच्चीवर तिघे मित्र येणार होते. घाटावरची जी कुत्री त्यांच्या गळ्यात पडली होती, तीही येणार होती. प्रत्येक मालकाला आणि त्याच्या कुत्र्याला जोडीचं सोंग हवं होतं, आणि कोणतं ते काकूंनीच ठरवायचं होतं.

शरदिनीबाई आधी नाही म्हणाल्या. दिवाळीनंतर यजमानांना, दत्तात्रेयरावांना, जाऊन वर्ष होणार होतं, आणि वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत.

“काकू, यह उत्सव नहीं है,” ओर्ला म्हणाली. “उस दिन मरे हुए लोग घर लौटते हैं। इसलिए हम वस्त्र बदलते हैं।”

झालं. पुढचं शरदिनीबाईंना कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. गेलेली माणसं घरी येतात, म्हणजे पितरांचा दिवस. कुत्री का, हेही त्यांनी विचारलं नाही. श्राद्धाला कुत्र्याचं पान काढतातच की. आणि कपडे? समुद्र ओलांडून दमून आलेल्या म्हाताऱ्याला काशीच्या या बोळांत आपला नातू सापडायचा कसा? खुणेचे कपडे हवेतच. सायबांच्या देशातही इतका विचार करतात, याचं त्यांना फार बरं वाटलं.

मग एकेकाला पुढ्यात बसवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुझ्या घरचं कोण गेलं, आणि ते माणूस काय करायचं? ओर्ला दोन्हीकडचं सांगत होती. टॉमचे आजोबा रेल्वेत गार्ड होते. सूझन नावाच्या इंग्लिश मुलीच्या आजीची पावाची भट्टी होती. कॅनडाचा पॉल म्हणाला, आजोबांनी मधमाश्या पाळल्या होत्या, ते डोक्यावर जाळीची टोपी घालायचे. ओर्लाची आजी बंदरावर मासे विकायची. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, डोक्याला रुमाल. मासे म्हटल्यावर शरदिनीबाईंनी क्षणभर देवघराकडे पाहिलं, पण पितर जसे असतील तसे आपले.

नियम त्यांनी एकच ठेवला. माणसाचं आणि कुत्र्याचं कापड एकाच ताग्यातलं हवं, म्हणजे कुणाचं कुत्रं कोण यात पितरांचा घोटाळा होणार नाही.

मशीन दिवसभर चालू लागलं. धाकटे दीर श्रीनिवास लक्ष्मीनारायणाचे पुजारी. ते येता-जाता दारातून डोकावायचे आणि नाकाला उपरणं लावायचे. देवाचं वस्त्र शिवायचं त्याच मशीनवर कुत्र्याची आंगडी, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पण वहिनींचे पाय पुन्हा पायट्यावर पडलेत, गुणगुणणं ऐकू येतंय, हेही त्यांना दिसत होतं. ते उपरणं सावरून पुढे जायचे.

चार जोड्यांतलं चौथं कुत्रं अथर्व. ओर्ला त्याला आपलं म्हणत असे, पण खरं तर ते दत्तात्रेयरावांचं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात ते चार वेद, माझ्या वाट्याला एकच आला, असं म्हणून त्या संस्कृतच्या मास्तरांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. दूधवाला त्याला अथरबवा म्हणायचा. दसऱ्यापासून दत्तात्रेयराव तपकिरी बंद गळ्याचा कोट चढवायचे आणि दिवेलागणीला बालाजी घाटावर जायचे. अथर्व पुढे. उंबऱ्याच्या आत मात्र त्याला येऊ द्यायचं नाही, हा शरदिनीबाईंचा कायदा होता, आणि तो त्याने इमानाने पाळला. अजूनही तो दारात पडून राहायचा, आणि दिवेलागणीला एकटाच घाटावर जाऊन यायचा.

शरदिनीबाई घाटावर जात नव्हत्या. आयुष्यात एकही कार्तिकस्नान न चुकवलेली बाई, पण यंदा कोजागिरी पौर्णिमा होऊन स्नानं सुरू झाली तरी त्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या. गल्लीला वाटायचं, दुःख आहे. दुःख होतंच, पण त्याहून मोठा होता रुसवा. दत्तात्रेयरावांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि तरी नानकटाईचा डबा भरला की आठवड्यात तळाला जायचा. विचारलं की ते मान खाली घालून म्हणायचे, “खाल्ली असेल मीच.” त्यांनी चोरून खाल्लं आणि लवकर गेले, असा बाईंचा हिशेब होता. एवढा शहाणा माणूस नानकटाईसाठी आपल्याला टाकून गेला, याचा राग त्यांच्या मनातून जात नव्हता. घाटावर त्यांची बसायची जागा होती. तिथे जाऊन त्यांना कशाला तोंड दाखवायचं?

तेराव्याला श्रीनिवासभावजींनी दानाचे कपडे बांधले तेव्हा कोटाची चौकशी केली होती. शरदिनीबाईंनी सांगितलं होतं, सापडत नाही.

ठरल्या दिवशी ऊन कलताना सगळे खालच्या खोलीत जमले; पितरांच्या दिवसापुरता कुत्र्यांसाठीचा उंबऱ्याचा कायदा बाईंनी बाजूला ठेवला होता. टॉम आणि त्याचं कुत्रं निळ्या गार्डकोटात, कुत्र्याच्या पाठीवर लाल-हिरवी झेंडी. सूझन आणि तिची गुबगुबीत कुत्री पांढऱ्या टोप्यांत. पॉल आणि त्याचं लुकडं कुत्रं मच्छरदाणीच्या जाळीतून एकमेकांकडे बघत होते. कुणी हसेना. सूझनने आरशात पाहिलं, टोपी जराशी डावीकडे कलती केली, आजी अशीच घालायची म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. शरदिनीबाई खूश झाल्या. काम बरोबर झालं होतं.

प्रसाद द्यायला आलेल्या श्रीनिवासभावजींना राहवलं नाही. हे असे कपडे का घालतात, असं त्यांनी ओर्लाला विचारलं. ओर्ला जरा घुटमळली.

“वस्तुतः भूत-प्रेत का वेष होता है,” ती हळूच म्हणाली. “ताकि मरे हुए लोग हमें पहचान न सकें।”

शरदिनीबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

“न पहचानें?” त्या म्हणाल्या. “अपने ही लोग?”

त्यांचे कान तापले. एवढ्या हौसेने केलेलं सगळं उलटंच झालं होतं. जी माणसं तोंड लपवायला निघाली होती, त्यांच्या अंगावर त्यांनी नाव-पत्ताच शिवून ठेवला होता. रात्रीपर्यंत उसवून पांढरी भुतं करता येतील का, असा त्या हिशेब करू लागल्या. पण ओर्लाने पॉलला काहीतरी विचारलं, आणि पॉलने जाळीची टोपी दोन्ही हातांनी धरून मान हलवली. टॉमने कोटाची बटणं लावून घेतली. कुणीही उतरवायला तयार नव्हतं.

“रहने दीजिए, काकू,” ओर्ला म्हणाली. “पहचान लें तो अच्छा है।”

सगळे गच्चीकडे निघाले, आणि अडलं ते अथर्वापाशी. कोळणीचा एप्रन बांधलेला अथर्व उंबऱ्याबाहेर बसून राहिला. ओर्लाने ओढलं, बिस्किट दाखवलं, संस्कृतात विनवलं. तो जागचा हलेना. त्याची घाटाची वेळ झाली होती. तो आळीपाळीने गल्लीच्या टोकाकडे आणि घरात बघत बारीक आवाजात कण्हत होता.

शरदिनीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तीन जोड्या नीट बसल्या होत्या, चौथीत चूक होती. ज्याचं माणूस गेलं होतं, त्याला त्यांनी विचारलंच नव्हतं. बंदरावरच्या त्या माउलीशी या कुत्र्याचा काय संबंध?

त्यांनी खाली बसून त्याचा एप्रन सोडला. मग आत जाऊन पलंगाखालची पेटी ओढली, डांबरगोळ्यांच्या वासातून तपकिरी कोट बाहेर काढला. तो त्यांनीच शिवला होता, म्हणून चिंध्यांच्या गाठोड्यात त्याच कापडाची एक लांब पट्टी निघाली. त्यांनी पट्टी अथर्वाच्या गळ्यात बांधली, आणि लुगड्यावरून कोट अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या.

अथर्वाने कोट हुंगला. एकदा, पुन्हा एकदा. मग शेपटीने सगळं अंग हलवत तो उठला आणि गच्चीच्या जिन्याकडे ढुंकूनही न बघता गल्लीत धावला. थोडं पुढे जाऊन मागे वळून उभा राहिला. माणूस येतंय ना, हे बघायची त्याची जुनी सवय होती.

आता यायचं नाही असं त्याला कोण सांगणार? शरदिनीबाईंनी चपला घातल्या.

त्यांच्यामागे ओर्ला एप्रनमध्ये, तिच्यामागे गार्ड, भटारीण आणि मधवाला, आणि मधूनमधून झेंडीवर पाय पडून अडखळणारी कुत्री. पानवाल्याने विडा लावायचा थांबवून विचारलं, “का हो माताजी, बरात?” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पोरंटोरं मागे लागली. शरदिनीबाईंनी पदर नीट केला आणि मान ताठ ठेवून चालत राहिल्या, पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

बालाजी घाटावर पोचल्या तेव्हा शेजारच्या पंचगंगेला उंच बांबूंवर आकाशदिव्यांच्या टोपल्या चढत होत्या. अथर्व एका चौथऱ्यावर चढला आणि उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसला. शरदिनीबाई त्या जागेवर बसल्या. बाकीची तिन्ही कुत्री दमून त्यांच्या पायाशी येऊन पडली.

संध्येला आलेले श्रीनिवासभावजी पायरीवर थबकले. त्यांनी तो कोट पाहिला, मग कोटाभोवतीची चार कुत्री पाहिली, आणि सवयीने त्यांचे हात जोडले गेले.

“कोट सापडला म्हणायचा, वहिनी,” ते म्हणाले.

“सापडला, भावजी.”

तेवढ्यात अथर्वाने कोटाच्या डाव्या खिशात थेट डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं. हे काम त्याच्या नेहमीच्या सरावातलं दिसत होतं. शरदिनीबाईंनी त्याला बाजूला सारून खिसा उलटा केला. शिवणीच्या कोपऱ्यात नानकटाईचा रवाळ, पिवळट चुरा अडकलेला होता, वेलदोड्याचा वास अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी स्वतः लावलेलं अस्तर चाटून चाटून विरलं होतं, आणि जिथे फाटलं होतं तिथे कुणीतरी तपकिरी कापडावर पांढऱ्या दोऱ्याने ओबडधोबड टाके घातले होते. काही टाके जुने होते, त्यांवर नवे. त्यांच्या वर्गातली पहिलीची मुलगीही असे टाके घालत नसे.

त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग अथर्वाकडे पाहिलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

शरदिनीबाई हसू लागल्या. आधी दबून, मग कोटाच्या लांब बाह्या तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ओर्ला घाबरून जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

“कुछ नहीं, बेटा,” त्या म्हणाल्या. “कल सुबह नहाने आएँगे, तो डिब्बा भरके लाना पड़ेगा।”