चटईवर

धनलक्ष्मीअक्कांनी खुर्ची ओढून आणली, तोवर मधुमिता चटईवर बसलीही होती.

"वर बैस गे. साडी चुरगळेल."

"असू दे अक्का. असकी जणं खालीच बसलीत, एकूण एक."

अक्कांनी खुर्ची काही परत नेली नाही.

समोर पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला होता. नवरात्रात कुंभकोणमच्या या गल्लीत तो घरोघरी असतो. येणाऱ्या प्रत्येकीनं त्याच्यासमोर एक गाणं म्हणायचं, कुंकू लावून घ्यायचं, उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलाचा द्रोण उचलायचा आणि पुढच्या घरी जायचं. मधुमिताच्या लहानपणी पोरींचा घोळका तिच्या खिडकीखालून जायचा. ती आत पियानोवर असायची. सातव्या वर्षी चेन्नईत मैफल केलेल्या मुलीनं संध्याकाळ वाया घालवायची नसते, असं अप्पांचं म्हणणं. शेजारचं सुंडल घरपोच यायचं. पुढं तिनं जगभरच्या सभागृहांत वाजवलं. शेजारच्या या घराचा उंबरा मात्र ती चाळिशी उलटल्यावर आज पहिल्यांदा ओलांडत होती. आईचं एक देवीचं गाणं गेले काही दिवस ती घरात एकटीच घोळवत होती.

आता स्फूर्ती गात होती. इथल्या सगळ्यांत धाकटी. दुसऱ्या कडव्याला ती अडली.

"तोंडात सुंडल आहे काय गे?" मागून तिची आजी, राजेश्वरीअम्मा म्हणाल्या, आणि त्यांनीच पुढची ओळ सांगितली. सगळ्या हसल्या. स्फूर्तीनं जीभ चावली आणि गाणं पुरं केलं.

अक्कांनी मधुमिताला ओलांडून पलीकडच्या मुलीला खूण केली.

"मी राहिले ना अक्का."

"तुला कुठं सांगू? तुझा तो पियानो कोण उचलून आणील?"

"पियानो नको. मी गाणं म्हणते."

दोन-तीन फोन चित्रणासाठी वर आले.

ती गाऊ लागली. दुसऱ्याच ओळीत सूर उतरला. ते सगळ्यांत आधी तिच्याच कानाला कळलं. कडवं संपलं आणि पुढचे शब्द सापडेनात. ती थांबली. मान वळवून तिनं राजेश्वरीअम्मांकडे पाहिलं. हे गाणं त्यांनीच आईला शिकवलं होतं. अम्मांचे ओठ हलले. मग त्यांनी ते मिटून घेतले आणि नजर खाली केली, मोठ्या माणसासमोर करतात तशी.

मधुमितानं पहिलंच कडवं पुन्हा म्हणून गाणं संपवलं.

आधी एकीनं, मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. स्फूर्तीनंसुद्धा. टाळ्या बराच वेळ चालल्या. कोलूसमोर टाळ्या वाजवायची रीत नाही. त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्याच गाण्याला त्या पडल्या नव्हत्या.

मधुमिता चटईवरून उठली, सगळ्यांकडे वळली, आणि सवयीनं कमरेत वाकली.