सुपात बसलेली सून

पिंपरीच्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. रविवारी गावातल्या मुली माझ्या खोलीवर जमत आणि मी त्यांना एक कादंबरी वाचून दाखवी. तिच्यातली पोरगी कुणालाही न विचारता होडी घेऊन समुद्रावर निघते.

त्या मुलींतल्या गवरानं कादंबरीतल्या पोरीला हादग्याच्या गाण्यात घातलं. समुद्राची आमची पवना नदी झाली, होडीचं सूप झालं, आणि पोरीची सून, कारण हादग्याला सून लागतेच. मी काही दुरुस्त केलं नाही.

यंदा हादगा गवराच्या अंगणात होता. पाटावरच्या हत्तीभोवती मुलींनी फेर धरला आणि गवरानं सुरुवात केली.

सुपात बसली धाकटी सून,
गेली कुणाला न इचारून...

"थांबा," तिची आजी गोजाबाई म्हणाली. खिरापतीचा डबा तिच्या मांडीवर होता. "सासूला इचारल्याबिगर निघाली? आन् सुपात बसून कुणी नदी उतरतं व्हय?"

"शेणानं सारवलेलं सूप हाय, आजी," गवरा म्हणाली.

पोरी हसल्या. गोजाबाई हसली नाही. "समदा त्या पुस्तकाचा नाद. ऐतवारपासनं ह्या ताईकडं जायाचं बंद."

गवराचा चेहरा उतरला. कादंबरी अर्धीच झाली होती.

दिघीहून माहेरपणाला आलेली सरू मध्ये पडली. ती गोजाबाईची भाची. "आत्या, पुस्तकाचं कुठलं? आमच्या दिघीत समद्या पोरी म्हणत्यात हे. जुनंच गाणं हाय."

गोजाबाई घुटमळली. "जुनं हाय व्हय? मग म्हणा."

आता गवरानं फक्त गप्प राहायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"जुनं न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकातलं हाय. मी जुळवलंय."

"गप की गं," सरू पुटपुटली.

गोजाबाईनं डब्यावर हात ठेवला. "दुसरं गाणं म्हण. तवर खिरापत न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे."

गवरानं शेजारच्या पोरीचा हात धरला. फेर फिरू लागला आणि सून पुन्हा सुपात बसली. दोघीतिघी डब्याकडे बघत होत्या, पण हात कुणी सोडला नाही.

रविवारी गवरा सगळ्यांच्या आधी आली.

"आजी काय म्हणाली?" मी विचारलं.

"जाऊ नको म्हणाली." ती उंबरा ओलांडून आत येऊन बसली. "फुडचं वाचा, ताई."