खांबावरचा सुटलेला सांधा

मित्रांनो, जव्हारच्या वीजघरातला जुना व्होल्टमीटर तुमच्याशी बोलतो आहे. काचेआड एक काटा आणि खाली दोन वायरी, एवढाच माझा संसार. घरातल्या विजेचा दाब किती आहे, ते माझा काटा दाखवतो. दाब कमी पडला की दिवे मिणमिणतात, फार चढला की जळून जातात.

संस्थान होते तोवर माझी ऐट काय वर्णावी! सखा वायरमन मला मऊ फडक्यात गुंडाळून घरोघरी नेई. पुढे संस्थान विलीन झाले. वीजघरातली माणसे कमी झाली, एकटा सखाच उरला. एका पावसाळ्यात त्याला हिवतापाने धरले आणि मी फळीवर बुरशी खात पडलो.

नेमके तेव्हाच गल्लीच्या टोकाच्या दोन घरांत विपरीत घडू लागले. ते मला मागाहून कळले. एका घरात हिराबाई राहायची. तिचा नवरा पुंजा संस्थानच्या कचेरीत कारकून होता. कचेरी मोडली आणि तो घरी बसला. शेजारी गौराबाई. तिचे शाळामास्तर यजमान वारले होते, मागे त्यांचा रेडिओ तेवढा राहिला होता. नागलीची भाकरी एकीच्या तव्यावर आणि कालवण दुसरीच्या चुलीवर, असा त्या दोघींचा घरोबा.

आता हिराबाईचे दिवे निखाऱ्यासारखे लाल दिसू लागले. गौराबाईकडे मात्र डोळे दिपवणारा उजेड. हिराबाईने आणखी एक दिवा लावला, की तिचेच दिवे मंदावत आणि भिंतीपलीकडचे लखलखत. मग संशय यायला किती वेळ लागतो?

एका संध्याकाळी गौराबाईच्या रेडिओतून धूर निघाला आणि तो कायमचा गप्प झाला. ती तशीच अंगणात आली.

“हिरा, काय केलंस गं? माझ्या माणसाची तेवढीच खूण होती!”

“मी काय केलं? तूच माझी वीज ओढतेस. माझ्या घरात काळोख, तुझ्या घरात दिवाळी!”

“नवऱ्याची नोकरी गेली म्हणून माझं बरं बघवत नाही तुला!”

हिराबाई तडक वळली. आत जाऊन तिने दार लावून घेतले.

ताप उतरल्यावर सखा मला घेऊन आला, तेव्हा हिराबाईच्या दारात बैलगाडी भरून उभी होती. पुंजा हिराबाईला घेऊन जामसर गावी शेती करायला निघाला होता. सखाने दोन्ही घरांत दिवे लावायला सांगितले. हिराबाईकडे माझा काटा अर्ध्यावर लोळला. गौराबाईकडे तो पार शेवटाला जाऊन आदळला. सखाने बाहेर येऊन खांबाकडे पाहिले.

“दोन्ही घरांना येणारी तार येगळी, पन परतीची तार एकच हाय. तिचा सांधा गंजून सुटलाय. म्हनून जिकडं दिवे जास्त, तिकडं दाब उतरतो नि दुसरीकडं चढतो. कोनी कोनाची वीज घेतली नाय, बाय.”

गौराबाई धावत गाडीपाशी गेली. “हिरा, ऐकलंस ना? दोष तारेचा होता गं. उतर खाली.”

“वीज तू नाही घेतलीस, गौरा,” हिराबाई म्हणाली. “पण बोललीस ते तर तूच ना?”

पुंजाने बैल हाकले.

सखाने खांबावर चढून सांधा घासला, घट्ट केला. माझा काटा दोन्ही घरांत जागेवर आला. हिराबाईच्या रिकाम्या खोलीत दिवा छान, स्थिर जळत होता. तो पाहायला तिथे कोणी नव्हते. सखाने बटण बंद केले.

रेडिओ दुरुस्त झाला नाही. जामसरच्या बाजारकरूंबरोबर गौराबाईने किती निरोप धाडले. एकाचेही उत्तर आले नाही. आणि मी? माझी काच फुटली, काटा अडकला. आता वीजघरातल्या अडगळीत पडून आहे.

मित्रांनो, घरातले दिवे कमीजास्त होऊ लागले, तर सगळे बंद करा आणि वायरमनला बोलवा. तो येईपर्यंत शेजाऱ्याला काही बोलू नका. तारेचा सांधा सखाने तासाभरात जोडला होता.