वेलाची टोपली आणि पातीची सवत

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. बांबूची नाही, वेताचीही नाही. मी वेलाची टोपली आहे. बहरीन देशातल्या मनामा शहरात झिंज नावाचा भाग आहे. तिथे एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर नजीबभाई आणि अख्तरुन्निसा यांचे घर आहे. त्या घरात मी राहते. लोक म्हणतात, टोपलीला कुठे मन असते? ज्यांच्या घरात कधी सवत आली नाही, तेच असे म्हणू शकतात.

माझा जन्म इथला नाही. जपानच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका खेड्यात अकेबी नावाचा वेल होतो. झाडावर चढून वाकडातिकडा झालेला वेल टोपलीच्या कामाचा नसतो. जमिनीवरून सरळ सरपटत गेलेला वेल लागतो. तोमिए नावाची एक म्हातारी बाई पानगळीच्या दिवसांत तो शोधत रानात हिंडायची. सापडला की मुळाशी कापायची, गुंडाळी करून पाठीवर घ्यायची आणि घरी आणून वाळवायची. बर्फ पडून वाटा बंद झाल्या, की वाळलेला वेल पुन्हा पाण्यात भिजवायचा, लाकडाच्या साच्यावर ताणायचा आणि विणायला बसायचे, असा तिचा हिवाळा. तिची बोटे जाड होती, थंडीने तडकलेली होती. पण वेल तिच्या बोटांचे ऐकायचा. मी साच्यावरून उतरले तेव्हा तिने मला उलटे केले, तळाला हाताने थोपटले आणि बाजूला ठेवले. लगेच दुसरा वेल हातात घेतला. मित्रांनो, मला पहिला हेवा वाटला तो तेव्हा. अजून न विणलेल्या त्या दुसऱ्या टोपलीचा!

एका शहरातल्या दुकानातून हारुए नावाच्या तरुण बाईच्या आईने मला विकत घेतले आणि मुलीला लग्नात दिले. हारुएच्या नवऱ्याला यंत्रांच्या कामासाठी बहरीनला यावे लागले, तेव्हा तिच्याबरोबर मीही विमानात बसले. अशी मी बर्फातून वाळवंटात आले.

हारुएला इथे करमत नसे. नवरा सकाळी अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्यात जाई. तिला ना अरबी येत होते, ना धड इंग्रजी. एके दिवशी ती मला हातात घेऊन जिन्यात उभी होती. खाली उतरावे की घरी परतावे, हेच तिचे ठरत नव्हते. समोरच्या दारातून अख्तरुन्निसा बाहेर आली. ती रायगडची, म्हसळ्याजवळच्या एका गावची. तिचे यजमान नजीबभाई त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये क्लार्क. तिने हारुएच्या तोंडाकडे पाहिले, काय ओळखायचे ते ओळखले आणि म्हणाली, "बाजार? फिश? चल माझ्यासोबत."

हारुएला त्यातला 'फिश' तेवढा कळला. तेवढ्यावर दोघींची मैत्री जमली.

मासळी बाजारात दोघी सारख्याच रमायच्या. एकीला सुरमईचा तुकडा कसा हवा ते दुसरी हातवारे करून सांगायची. मासे मात्र माझ्यात कधी ठेवत नसत. त्यांना वेगळी पिशवी. माझ्यात कोथिंबीर, लिंबे, फार तर खबूस, म्हणजे इथली रोटी. हारुए एकदा तापाने फणफणली होती. तेव्हा अख्तरुन्निसाने तांदळाची पेज केली आणि तिच्या उशाशी बसून चमच्याने भरवली. मी खुर्चीवरून पाहत होते.

काम संपले आणि हारुए जपानला परत निघाली. निरोपाच्या दिवशी तिने मला उचलून अख्तरुन्निसाच्या हातात दिले. अख्तरुन्निसा मागे सरकली. "नाय नाय. तुझ्या आईने दिलीय ना ही. मी कशी घेऊ?" हारुएने ऐकले नाही. तिने अख्तरुन्निसाचा तळवा माझ्या पाठीवरून फिरवला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले, "एव्हरी डे, हँड. नो हँड, शी डाय."

रोज हात लागायला हवा, नाहीतर ती मरेल. मित्रांनो, ते खरेच आहे. हाताचा ओलावा मिळाला की आमचा वेल मधासारखा चमकू लागतो. नाही मिळाला, तर आतून सुकत जातो.

पुढचे दिवस माझे सुखाचे होते. अख्तरुन्निसा मला कुठेही नेई. दवाखान्यात, लेक लाईबाच्या शाळेच्या सभेला, ईदच्या बाजाराला. लोक थांबून विचारायचे. ती मान ताठ करून सांगायची, "जपानची हाय. माझ्या मैत्रिणीने दिली." 'जपानची' म्हणताना तिचा आवाज चढायचा आणि मला वाटायचे, आता माझ्यासारखी मीच.

मित्रांनो, माझ्या सवतीला घराचा रस्ता दाखवला तो मीच.

एकदा दुकानात काळा अबाया घातलेली एक बहरीनी बाई माझ्यापाशी वाकली. तिचे नाव सुमय्या. तिने मला हातात घेतले, आत डोकावून पाहिले, विणीवरून नख फिरवले आणि इथल्या बायका बोलतात तशा हिंदीत विचारले, "ये कौन बनाया?"

"जपानवाली ने," अख्तरुन्निसा म्हणाली.

"मेरा माँ भी बनाता था. खजूर का पत्ता. तुम आना मेरा घर, मैं सिखाएगा."

अख्तरुन्निसा हसली. "मैं? मेरेको तो वेणी भी ठीक से नहीं आती!"

पण ती गेली. हारुए गेल्यापासून तिची दुपार रिकामीच होती. सुमय्याचे घर शहराच्या कडेला, खजुराच्या झाडांच्या सावलीत होते. तिथे अंगणात चटई टाकून बायका बसत. भिजवलेल्या झावळीच्या पाती घेऊन त्यांची लांबच लांब पट्टी वळायची आणि मग ती पट्टी गोल गोल शिवत न्यायची, म्हणजे टोपली होते. अख्तरुन्निसाची पट्टी कधी घट्ट यायची, कधी ढिली. सुमय्या म्हणायची, "शुवै शुवै, अख्तर." म्हणजे हळूहळू. मी चटईवर तिच्या गुडघ्याला टेकून बसलेली असे. आधी मला मौज वाटली. ही पात किती ठिसूळ, हिला ना वेलाचा पीळ, ना वेलाचे बळ! मग एके दिवशी माझ्या लक्षात आले, की अंगणात आल्यापासून निघेपर्यंत अख्तरुन्निसाचा हात मला एकदाही लागलेला नाही.

शेवटी ती टोपली पुरी झाली. काय सांगू तिचे रूप! एका बाजूला कललेली, काठ वरखाली झालेला, मध्ये एक जांभळा पट्टा, तोही अर्ध्यावर संपलेला. अख्तरुन्निसाने ती घरी आणली आणि टेबलावर ठेवली. नजीबभाई शिफ्टवरून आले, बूट काढता काढता थांबले. "ही तू केलीस? खरंच तू?" त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्या बाजूंनी पाहिली. लाईबा मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते. तीही म्हणाली, "अम्मी, दिस इज सो क्यूट!" तिने लगेच मोबाइलवर फोटो काढला. माझा फोटो तिने कधी काढला नव्हता.

त्या दिवशी मला जे वाटले ते मी विसरू शकत नाही. मी रूपाने सरस, विणीने सरस, टिकाऊपणात सरस. तरी सगळ्यांची नजर तिच्यावर का? उत्तर मला माहीत होते आणि म्हणूनच ते बोचत होते. मला अख्तरुन्निसाने घेतले होते. तिला अख्तरुन्निसाने केले होते.

टेबलावर दोघींना जागा नव्हती. मला कपाटाच्या माथ्यावर ठेवले. समोरच एसी. त्याचा कोरडा झोत दिवसभर माझ्या अंगावर येई. खाली टेबलावर ती पातीची बया संत्री पोटात घेऊन बसलेली असे. येणारे-जाणारे तिला हात लावत, तिचे कौतुक करत. तिचा कललेला काठ अख्तरुन्निसा येता-जाता प्रेमाने सरळ करी आणि तो पुन्हा कले. माझ्या मनात येई, पडावी एकदाची टेबलावरून. व्हावा तिचा चुराडा. पण चुराडा होत होता माझाच. माझा वेल सुकला, चमक गेली, अंगात बारीक चिरा पडल्या.

मग एका दुपारी फोन वाजला. हारुए आणि तिचा नवरा बहरीनला येत होते. सखीरला मोटारींची शर्यत असते, ती पाहायला. शर्यतीला जाण्यापूर्वी अख्तरुन्निसाला भेटायला येणार होते, दुसऱ्याच दिवशी.

अख्तरुन्निसा आनंदाने धावत आली. स्टुलावर चढली आणि मला खाली घेण्यासाठी तिने माझी मूठ धरली. कट्ट! मूठ एका बाजूने तुटली. मी तिच्या हातात लोंबत राहिले.

ती स्टुलावरच बसली.

नजीबभाई म्हणाले, "एवढं काय त्यात? सांग, गावाला पाठवली. म्हसळ्याला बघायला कोण जातंय?"

"अम्मी, ग्लू लाव ना, शी वोन्ट नो," लाईबा म्हणाली. घाबरून तिच्या तोंडून निम्मे वाक्य मराठीत आले.

"माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाय," अख्तरुन्निसा म्हणाली. "तिने माझा हात धरून सांगितलं होतं. आणि मी हिला वर टाकून दिली." ती रडू लागली. माझ्यासाठी रडत होती, मित्रांनो. मला वाईट वाटायला हवे होते. पण इतक्या दिवसांनी ती माझ्यासाठी काही करत होती, याचाच मला आनंद झाला.

मला ओल्या टॉवेलात गुंडाळून ती टॅक्सीने सुमय्याकडे गेली. सुमय्याने तुटलेली जागा पाहिली आणि मान हलवली. "ये बेल इधर नहीं मिलेगा. मफी." मफी म्हणजे नाही. आमचा वेल या देशात उगवत नाही. अंगणातल्या घमेल्यात खजुराची पात भिजत पडली होती. दोघींनी त्या पातीकडे पाहिले, मीही पाहिले. नको, असे मी ओरडले असते. तुटकी राहीन, पण सवतीचे गोत अंगावर नको! पण टोपलीचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

सुमय्या मदतीला सरसावली, तेव्हा अख्तरुन्निसा म्हणाली, "मैं करेगी. मेरे हात से टूटा." तिने तुटलेली टोके जुळवली, त्यांवर पातीची वेणी घातली, गुंडाळत गुंडाळत पलीकडच्या टोकापर्यंत नेली आणि गाठ आत दडवली. या वेळी वीण कुठे ढिली नव्हती. ते काम होईतो तिचे हात माझ्या अंगावर होते. हळूहळू माझे ओरडणे थांबले.

दुसऱ्या दिवशी हारुए आली. दोघी दारातच गळ्यात पडल्या. आत येताच हारुएने मला पाहिले, उचलले आणि नव्या मुठीवर तिचे बोट थांबले.

"सॉरी," अख्तरुन्निसा म्हणाली. "आय ब्रोक. नो हँड. माय मिस्टेक."

हारुएने मला मांडीवर घेतले. तिने मूठ ओढून पाहिली. पक्की होती. मग मला मांडीवरून खाली ठेवून तिने टेबलाकडे पाहिले. "हू मेड?"

"मी. फर्स्ट. बॅड, व्हेरी बॅड," अख्तरुन्निसा ओशाळून हसली.

"नो बॅड," हारुए म्हणाली. तिने ती कललेली टोपली मांडीवर घेतली. चहा आला, सांदणे आली, नजीबभाई आणि तिचा नवरा कारखान्याच्या गोष्टी बोलू लागले. हारुएने ती टोपली खाली ठेवलीच नाही. हारुएला कळू नये म्हणून लाईबा आईच्या कानात मराठीत कुजबुजली, "अम्मी, तिला ती हवीय."

अख्तरुन्निसाने एकदा त्या टोपलीकडे पाहिले. तिच्या हातची ती पहिली वस्तू. मग तिने उठून संत्री काढून ताटात ओतली आणि रिकामी टोपली हारुएच्या हातात दिली. "टेक. माय हँड. यू टेक."

मित्रांनो, माझी सवत घरातून चालली होती. मी हसायला हवे होते ना? पण ती कुठे चालली होती पाहा. माझ्या हारुएच्या दंडावर लटकून, माझ्या देशाला! जिथे मी आता कधीच जाणार नाही, तिथे ती वाकडी बया जाणार होती. दारात उभी राहून अख्तरुन्निसा जिन्याकडे बघत राहिली. ती मैत्रिणीकडे बघत होती की टोपलीकडे, ते मला आजही ठरवता येत नाही. माझ्या मुठीतली पातसुद्धा त्या दिशेला ओढ घेते आहे, असे मला वाटले.

आता मी पुन्हा रोज बाहेर जाते. अख्तरुन्निसाने टेबलावर दुसरे काही ठेवलेले नाही. आठवड्यातून एकदा आम्ही सुमय्याकडे जातो. तिथून येताना ती खजुराच्या पाती ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्यात ठेवते. त्या ओलाव्याने माझ्या चिरा मिटत चालल्या आहेत, अंगावर पुन्हा थोडी चमक आली आहे. हो, तुम्ही ओळखलेत ते बरोबर आहे. माझी पुढची सवत माझ्याच पोटात भिजते आहे. ही सरळ काठाची होईल आणि टेबलावर तीच बसेल, हे मला दिसते आहे. हेवा आत्तापासूनच वाटतो आहे.

तो वाटणारच. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही तो वाटत असेल. त्यासाठी तुम्ही नवीन आणणे थांबवू नका, मित्रांनो, आणि नवीन करणे तर मुळीच थांबवू नका. फक्त आम्हाला एसीसमोर, कपाटाच्या माथ्यावर टाकून देऊ नका. टेबलावर जागा नसेल, तर तुमच्या हातात द्या. आम्ही तुमच्या नव्या वस्तूंचा भार वाहू. कुरकुरत का होईना, पण वाहू.